दोघं उन्हाळ्यात आहेत

"घाबर गो, पण चालता चालता घाबर. बसून घाबरलं की भय मांडीवर येऊन बसतं."

पाचव्या मजल्यावरच्या काकू मला हे म्हणायच्या आणि माझं मनगट धरून चालायला लागायच्या. हात नाही धरायच्या, मनगट. सुटायची सोयच नाही.

सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट तेव्हा सगळ्या मजल्यांवर थांबत नव्हती. मी चौथ्यावर, लिफ्ट पाचव्यावर. म्हणजे येता-जाता काकूंच्या दारावरून एक जिना. नवीन आले तेव्हा मी लिफ्टमध्ये एकटी चढायचीच नाही, दार लागलं की वाटायचं आता हे उघडणार नाही. पोरगी कडेवर, पिशव्या हातात, आणि मी खालीच उभी, कुणी येतंय का बघत. एकदा काकू आल्या. साडी, वर मुलाचं जुनं जॅकेट, पायात रबरी चप्पल. मला एकदा बघितलं न् म्हणाल्या, "मराठी ना तू? मग अशी कुंपणावरच्या सरड्यासारखी काय बघत्येस? चल." तेव्हापासनं मनगट त्यांचं.

काकू राजापूरकडच्या. मी जालन्याकडची. त्यांचं अर्धं बोलणं मला कळायचं नाही आणि माझं त्यांना. मी म्हणायचे, "काकू, लई भ्याव वाटतंय," तर त्या म्हणायच्या, "भ्याव म्हणजे काय गो, मांजर?" आणि आपणच हसायच्या. मुलगा इंजिनीयर, लग्नाचा, पण लग्न करत नव्हता. तो आणि आमचे हे एकाच ऑफिसात, हार्बरफ्रंटला, बोटींच्या कंपनीत.

तर त्या वर्षी ऑफिसनं काही जणांना इटलीला न्यायचं ठरवलं. तिकडच्या डोंगरातलं एक गाव, बर्फावर घसरायचं आणि गरम पाण्यात डुंबायचं, असं ते आठवडाभर. सोबत घरचं एक माणूस चालणार होतं. मी जाणार होते, स्वेटरपण आणले होते. खरं सांगते, रोज मनात म्हणत होते, काहीतरी होऊ दे आणि हे रद्द होऊ दे. आणि पोरीचा कान दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, विमानात न्यायची नाही. मी तोंड पाडलं, पण आतून सुटले. काकूंच्या मुलाला बायको नाही, म्हणून त्यानं आईचं नाव दिलं. सगळे साहेब लोक आपापल्या मॅडम घेऊन निघाले आणि हा काकूंना घेऊन!

जायच्या आदल्या संध्याकाळी काकू आमच्याकडं बसल्या होत्या. आमचे हे फुशारकीत. "काकू, तिकडं बर्फ असा असतो म्हणे, की माणूस खाली गेला तर उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावरच मिळतो."

काकूंनी हातातल्या पेपराची गुंडाळी करून त्यांच्या डोक्यात घातली. "मेल्या, निघताना असं बोलतात? बायको बघ कशी झाली." मग मला म्हणाल्या, "हा माझ्या नजरेत आहे. तू पोरीचा कान बघ."

हे गेले. त्यांचा मोबाईल माझ्यापाशी ठेवून गेले. रोज संध्याकाळी, तिकडं दुपार असायची तेव्हा, फोन यायचा. पहिले दिवस बरे गेले. काकूंच्या गमती सांगायचे, काकू हॉटेलात सकाळी ब्रेडवर लोणचं लावून खातात, काकूंनी बर्फाला हात लावून 'फ्रिजातला आहे तसाच आहे' म्हणून सांगितलं. म्हणाले, उद्या सकाळी आम्ही सगळे वरच्या उतारावर जाणार, मोठ्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोरीच्या कानात थेंब घालत होते, टीव्ही उगाच चालू होता. बातम्या इंग्रजी, मी आवाज ऐकते फक्त, शब्द एखाददुसरा. एकदम पांढरा डोंगर दिसला, हेलिकॉप्टर दिसलं, लाल कोटातली माणसं लांब काठ्या बर्फात खुपसत होती. आणि 'इटली' म्हणलेलं कळलं. इटली मला कळतं. थेंब पोरीच्या गालावर पडले, कानात नाही. मी टीव्हीजवळ गेले तर चित्र बदललं होतं, फुटबॉल लागलं होतं.

इटली मोठी असेल, म्हणलं. डोंगर काय एकच असतो का.

तेवढ्यात फोन वाजला. काकू! काकू फोनवर ओरडून बोलायच्या, देश जेवढा लांब तेवढा आवाज मोठा. पण त्या दिवशी लाईन तुटत होती, मधेमधे नुसती खरखर.

"काय गो, जेवलीस?... दोघं उन्हाळ्यात आहेत..."

"काय? काकू, काय झालं?"

"दोघं! उन्हाळ्यात! आता लवकर बाहेर नाही यायचे ते... तू त्यांची वाट बघू नको, पोरीला घेऊन..."

आणि फोन गेला.

बघा, तुम्ही असता तर काय समजला असता? सिंगापूरला उन्हाळा बिन्हाळा काही नसतो, बारा महिने तेच ऊन न् तोच पाऊस, वर्षभर तो शब्द माझ्या तोंडात आला नव्हता. शेवटचा ऐकला तो आमच्या ह्यांच्या तोंडून. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावरच मिळतो. दोघं. लवकर बाहेर नाही यायचे. वाट बघू नको.

मी उलटा फोन लावला, लागेना. परत लावला, इटालियन बाई काहीतरी बोलली. पोरगी रडत होती. मी खाली बसणार होते, अगदी बसणारच होते, आणि बसले नाही. पोरीला कडेवर घेतलं, चप्पल घातली आणि निघाले. कुठं? ह्यांच्या ऑफिसात. तिथं कुणीतरी असेल, त्याला माहीत असेल. दुसरं मला कुणी माहीतच नव्हतं. पाचव्या मजल्यावर चढले, काकूंचं दार बंद, ते माहीतच होतं तरी मी थाप मारली. लिफ्टमध्ये एकटी चढले. दार लागलं, उघडलं. त्याचं भय वाटायचं राहूनच गेलं.

एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, मी कधी एकटी गेले नव्हते. गाडीत एक पोरगा उठला, मला जागा दिली, मी बसले नाही. काचेत माझंच तोंड दिसत होतं. मी मनात एकच म्हणत होते, की सासूबाईंना फोन करायचा तर काय शब्द वापरायचा. ह्यांच्या आईला काय म्हणू, उन्हाळ्यात? पोरीचं अंग तापलं होतं, ती खांद्यावर गप पडली होती, तिचं गप पडणंसुद्धा मला सोसवेना. हलवून बघत होते, श्वास आहे का.

आउट्रम पार्कला गाडी बदलायची. सरकत्या जिन्यावर पाय ठेवला आणि मोबाईल वाजला.

"अगं, ऐकू येतंय का? मी बोलतोय."

मी मोबाईल कानाशी घट्ट दाबला.

"हॅलो? अगं, काकूंनी माझं स्कीइंग बुडवलं बघ आज. सकाळपासून त्या उन्हाळ्यात बसवून ठेवलंय."

"कशात?"

"उन्हाळ्यात. गरम पाण्याचा झरा गं! काकूंच्या गावाकडं त्याला उन्हाळं म्हणतात. म्हणाल्या, मला एकटीला टाकून वर गेलात तर मी साडी नेसून पाण्यात उतरेन, मग तुमचे साहेब काय बोलतील ते बघा. मग काय करणार? काकूंच्या अंगावर मुलाचा टी-शर्ट, ट्रॅकपँट, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी, आणि बाहेर ढीगभर बर्फ... तू रडतेस का?"

"अहो, टीव्हीत दाखवलं. डोंगरावरनं बर्फ कोसळलाय. माणसं शोधतायत."

"कुठं?"

"तुमच्याकडं. इटलीत."

मागं कुणीतरी जोरात बोलत होतं, मग पळाल्याचे आवाज. हे म्हणाले, "थांब." मी थांबले. किती वेळ कोण जाणे. मग आवाज आला तो वेगळाच होता, बारीक. "आमचाच उतार आहे गं. आमच्यातले वर गेलेत."

मी जिन्याच्या तोंडाशी खालीच बसले. एक चिनी अंकल आले. "हिअर कॅनॉट सिट, लाह." मग माझ्याकडं बघून, "यू ओके, नॉट?"

मी म्हणलं, "माय हजबंड... हॉट वॉटर. ही इज इन हॉट वॉटर."

"हॉट वॉटर? बेबी वॉन्ट हॉट वॉटर, आह?" त्यांनी पिशवीतनं थर्मास काढला, इकडं तिकडं बघितलं, तिथं पाणीसुद्धा प्यायला बंदी आहे, आणि झाकणात ओतून माझ्यापुढं धरलं. मी ते गरम पाणी प्याले. सगळं.

ऑफिसातले वर गेलेले खाली आले. एकाचा पाय मोडला होता. दुसऱ्या देशाची एक जोडी मात्र त्याच हॉटेलात उतरलेली, ती आली नाही. सकाळी न्याहारीला ह्यांच्या शेजारच्या टेबलाला बसायची, काकूंच्या लोणच्याला त्या बाईनं बोट लावून बघितलं होतं.

काकू परत आल्या तेव्हा मी दारात उभी होते. भांडायचं ठरवून. "काकू, असं कसं बोललात तुम्ही फोनवर?" म्हणून सगळं सांगितलं, लिफ्ट, एमआरटी, सासूबाईंना काय सांगू ते. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. बॅग तशीच कॉरिडॉरमध्ये सोडून माझ्या उंबऱ्यावर बसल्या, ज्या कधी बसायच्या नाहीत त्या. "माझ्या तोंडाला आग लागो," म्हणाल्या. "एवढा वेळ तू त्याला मेलेला धरून चाललीस?" आणि माझं मनगट धरलं आणि कितीतरी वेळ नुसतं धरून ठेवलं.

त्यानंतर माझ्यासमोर तो शब्द त्यांनी काढला नाही. झऱ्याला 'गरम पाणी' म्हणायच्या. एवढंच काय, उन्हाळ्यालासुद्धा 'मे महिना' म्हणायच्या. आमरसाचं बोलणं निघालं की जरा अडायच्या, माझ्याकडं बघायच्या, मग "मे महिन्यात गो."

मी एकदा विचारलं, "काकू, खरं सांगा, तुम्हाला काही वाटलं होतं का त्या दिवशी? म्हणून अडवलंत दोघांना?"

"छे गो. मला त्या तोकड्या कपड्यांच्या गर्दीत एकटीला जायची लाज वाटत होती." मग म्हणाल्या, "लाजेनं वाचवलं त्यांना. मी नाही."

पुढं मुलाची बदली झाली. काकू त्याच्याबरोबर गेल्या नाहीत, राजापूरला गेल्या. तिथंच वारल्या. मला उशिरा कळलं. पाचव्या मजल्यावर आता दुसरे लोक राहतात, दारात सायकली लावतात. लिफ्ट आता चौथ्यावरही थांबते, तरी मी कधीकधी पाचव्यावर उतरते आणि जिन्यानं खाली येते.

आमचे हे मात्र अजून तेच म्हणतात. कुणी पाहुणे आले, इटलीचा विषय निघाला की, "जन्मात एकदा संधी आली आणि काकूंनी स्कीइंग बुडवलं माझं." भात कालवत कालवत म्हणतात. पाहुणे हसतात. ह्यांचं ताट रिकामं झालेलं असतं, हे नको नको म्हणत असतात, आणि मी वाढत राहते.