पुलावरची तुळस

होळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता नाल्यावर बांधायच्या पुलाच्या खात्यात चार लाख बारा हजार रुपये जमा होते. सभेला हजर होते ते आमच्या सोसायटीतले चौघे, नाल्यापलीकडच्या सोसायटीतले चौघे, पुलाचं चित्र काढून आणलेली आमच्या चेअरमनची भाची, आणि सभासद नसूनही पहिल्या खुर्चीत बसलेले माझे सासरे, अप्पा. हिशेब माझ्याकडे होता.

नाल्याच्या दोन्ही अंगांना दोन बागा आहेत. पलीकडच्या बागेत सासऱ्यांचे गिरणीतले एक जुने मित्र संध्याकाळी बसतात. मोठ्या रस्त्याने वळसा घालून जायचं तर उसाच्या ट्रॉल्या चुकवाव्या लागतात, म्हणून वर्षभर दोघं फोनवरच भेटत होते. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघं एकाच वेळी बोलत. बाकीच्यांना पूल हिरवा दिसायला हवा होता, सासऱ्यांना पलीकडे जायला.

चित्रात पुलावर जंगल होतं. मी विचारलं, "मातीचं वजन ओलीचं धरलंय की कोरडीचं?" भाचीने कोरडीचं धरलं होतं. ओलीचं धरलं तर लोखंड वाढत होतं आणि तेवढे पैसे नव्हते. शेवटी दोन्ही कठड्यांना उथळ कुंड्या आणि मधल्या रुंद जागेत एकच मोठं झाड, असं ठरलं. ते झाड कोणाचं, यावर पाऊण तास गेला. मोगरा, कढीपत्ता, बेल, प्रत्येकाच्या घरी एकेक रोप तयारच होतं. मग पलीकडच्या एक मावशी म्हणाल्या, "तुळस लावा की." तुळशीला नको कोण म्हणणार? शिवाय वजनाला हलकी. सगळ्यांत आधी माझाच हात वर गेला.

एप्रिलअखेर पूल झाला, आणि देखणा झाला. पहिल्याच दिवशी मावशींनी पुलाच्या तोंडाशी चपला काढल्या, तुळशीला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. मागच्यांनीही चपला काढल्या. त्यानंतर चपला घालून पुलावर पाय ठेवायची कोणाची छाती होईना.

संध्याकाळी सासरे अनवाणी निघाले. खाली लोखंडी पत्रा, वर दिवसभराचं सोलापुरी ऊन. ते आधी टाचांवर चालले, मग चवड्यांवर, मग जसं जमेल तसं. पलीकडून मित्र ओरडले, "लेझीम घरी विसरलास व्हय रे?" पत्रा संपला तर पुढे बागेत सराटे. बाकापर्यंत न पोचताच ते तळव्यातले काटे काढत परत आले.

"सूनबाई, फोनच बरा हाय," म्हणाले.

मी पुन्हा सभा बोलावली आणि तुळस बागेत हलवावी असं सुचवलं. चेअरमन म्हणाले, "वहिनी, तुम्ही हलवा, आम्ही ठराव करतो."

भाचीने पत्र्यावर काथ्याच्या चटया अंथरायला सांगितलं. पत्र्याचं निभावलं. सराटे राहिले.

"चपला पिशवीतून नेल्या तर?" मी विचारलं.

"पिशवीतल्या तुळशीला दिसत न्हाईत व्हय?" मावशी म्हणाल्या.

तेव्हा मी म्हटलं की अप्पांचा एक जोड कायमचा पलीकडेच राहू दे. मित्रांनी फोनवर स्वतःच्या जुन्या चपला देऊ केल्या.

"तुझ्या? सात नंबर?" सासरे म्हणाले. "त्यापेक्षा मी घरी बसतो."

म्हणून नवाच घेऊन मोठ्या रस्त्याने पलीकडे पोचवायचा ठरला. आता ते रोज सहाला एक जोड अलीकडे सोडून जातात आणि दुसरा पलीकडे घालतात. दोघं समोरासमोर बसून अजूनही एकाच वेळी बोलतात.

चटयांचे दोन हजार शंभर पुलाच्या खात्यातून गेले. चपला त्या खात्यात बसत नव्हत्या. नऊ नंबरच्या रबरी जोडाचे एकशे चाळीस रुपये मी घरखर्चातून बाजारातल्या हातगाडीवाल्याला दिले.