अक्कांनी फळ्यावर लावलेलं चित्र

तंजावूरच्या आमच्या छोट्या कंपनीत दवाखान्याची वेळ ठरवून देणारं अॅप बनत होतं. लोक ते उघडत आणि अर्ध्यातच सोडून देत. असं का होतं, हे शोधायला मी ऑनलाइन फळ्यावर सगळ्यांची बैठक घेतली. प्रत्येकाने आपली कल्पना रंगीत चिठ्ठीवर लिहून फळ्यावर लावायची होती.

चेन्नईहून बैठकीला जोडलेल्या आमच्या साहेबांनी पहिलीच चिठ्ठी लावली: ‘रंग बदला.’ मग काय, पाच मिनिटांत सगळा फळा रंगांच्याच चिठ्ठ्यांनी भरला. कोरा राहिला तो फक्त अक्कांचा कोपरा. अक्का पन्नाशीच्या. मोपेडवरून गावोगाव फिरून त्या लोकांना अॅप शिकवायच्या. बैठकीनंतर मी त्यांना फोन केला.

“अक्का, तुम्ही काहीच लिहिलं नाहीत?”

“इंग्रजीत जुळवेपर्यंत वेळ संपतो, पोरी. आणि चुकलं तर नावासकट सगळ्यांना दिसतं.”

मला फार लाज वाटली. घरात मराठी, बाहेर तमिळ बोलत वाढलेली मी. कॉलेजचं पहिलं वर्ष इंग्रजीच्या भीतीने तोंड मिटून काढलं होतं. ते मी कशी विसरले?

पुढच्या बैठकीत मी चिठ्ठ्यांवरची नावं लपवली. सांगितलं, “पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. कुठल्याही भाषेत लिहा, नाहीतर चित्र काढा.”

आठव्या मिनिटाला फळ्यावर वहीच्या पानाचा एक फोटो आला. त्यात पेन्सिलीने काढलेली एक म्हातारी होती. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात फोन, फोनवर डॉक्टरांची लांबलचक यादी. मागे तिची बस निघून चालली होती.

“हे कुणी काढलं?” साहेबांनी विचारलं.

अक्कांचा आवाज आला, “मी, सर.”

अक्का तमिळमध्ये सलग बोलत राहिल्या. “आपण आधी विचारतो, कुठला डॉक्टर? तिला एवढंच ठाऊक, की गुडघा दुखतो आणि गावातली बस शहरात दहाला पोचते.” मी त्यांचं म्हणणं भराभर चिठ्ठ्यांवर उतरवत होते. साहेब म्हणाले, “रंगाचं राहू द्या. आधी हे करू.”

दोन महिन्यांनी अॅपच्या पहिल्या पानावर माणसाच्या शरीराचं चित्र आलं. दुखतं तिथे बोट लावायचं, मग आपल्या बसची वेळ सांगायची. तिरुवैयारूजवळच्या एका गावातून अक्कांचा फोन आला. आवाज नुसता फुलला होता. “एका आजीने स्वतः वेळ घेतली! मी हातसुद्धा लावला नाही!”

मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “पुढची बैठक मी घेतली तर चालेल?”

त्यांनी ती घेतली, तीही तमिळमध्ये. चुकायची भीती जावी म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांना गाईचं चित्र काढायला लावलं. साहेबांच्या गाईला पाच पाय होते, आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.