पूजेला लावलेली सही

कंत्राटदार म्हणून मी भरायला घेतलेलं पहिलं टेंडर आमोण्यातल्या एका नाल्याचं. बाबा गवंडी. जन्म गेला दुसऱ्यांच्या कामावर. आता त्यांनी लेकाच्या कामावर सावलीत खुर्ची टाकून बसावं, चार जणांवर ओरडावं, एवढीच माझी हाव होती.

टेंडर ऑनलाइन, म्हणजे डिजिटल सही हवी. म्हापशातल्या एका दुकानात ओळख पटवायच्या व्हिडिओसाठी मोबाइलसमोर पॅनकार्ड धरून बसलो. नाव सांगितलं. तिथली मुलगी म्हणाली, "काका, डोळे मिचकावा." मिचकावले. कसला काका, पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती! दोन दिवसांनी पेनड्राइव्हसारखं टोकन हातात आलं. ते लॅपटॉपला लावायचं, पिन टाकायचा, झाली सही.

खंडेनवमीला मी खडीचे दर विचारायला डिचोलीत गेलो होतो. संध्याकाळी येऊन बघतो तर पाटावर थापी, ओळंबा, हातोडी आणि मधोमध माझं टोकन. हळदकुंकू लावलेलं, वर झेंडू. मला हसू आलं, बरंही वाटलं. मीही हात जोडले. पूजेला लावलेलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. टेंडरची मुदत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत होती. म्हटलं, भरपूर वेळ आहे.

मुदतीच्या दिवशी सकाळी टोकन लावलं. लॅपटॉप ढिम्म. पुसलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं. शेवटी दुकानात फोन केला.

"पाणी गेलंय का आत?" मुलगी म्हणाली. "गेलं असेल तर नवीनच घ्यावं लागेल. दोन दिवस तरी जातील."

मी बाबांकडे वळलो. "तुमी ह्या धुतलात?"

"तर! तुजा हत्यार आता ह्याच मां? म्हणान पयला ह्याच धुतलंय, मगे थापी."

माझं डोकंच फिरलं. "तुमका काय कळता ह्यातला!" असं ओरडलो. आणखीही नको ते बोललो. ते हात पुसत तसेच उभे राहिले. तीन वाजले तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटत होती, पण ती सांगायला जीभ रेटली नाही.

काम दुसऱ्या कंत्राटदाराला गेलं. महिनाभराने एका सकाळी बाबा डबा आणि थापी पिशवीत घालून निघाले. कुठे, म्हणून विचारलं.

"आमोण्याक. नाल्याचा काम सुरू झाला."

मी स्कूटर काढली आणि त्यांना तिथे सोडून आलो.