म्हातारीला दिसलेली गाडी

वाहतूक पोलिसांच्या चौकीत सगळे त्याला रडारमामा म्हणत. वीस वर्षं चौकात उभं राहून गुडघ्यांनी राम म्हटला, तेव्हा साहेबांनी त्याला जीपमध्ये बसवलं आणि गाड्यांचा वेग मोजायचं रडार यंत्र हातात दिलं. नोकरीची उरलेली दोन वर्षं बसून निघतील, एवढीच मामाची आशा.

आता ते यंत्र म्हणजे काय वल्ली होती म्हणता! मामा तिला म्हातारी म्हणे. जीपमधला पंखा लावला, की बया पंख्याचाच वेग दाखवी. म्हणून भर उन्हात पंखा बंद करून मामा घाम पुसत बसे. शेजारच्या चौकीचं नवं यंत्र येणारी गाडी आणि जाणारी गाडी वेगळी ओळखे, शिवाय दोन आकडे दाखवी: एक सगळ्यात मोठ्या गाडीचा, दुसरा सगळ्यात जोरात पळणारीचा. म्हातारीकडे आकडा एकच. समोर जे धिप्पाड असेल, बहुतेक तेच तिच्या नजरेत भरे.

एका दुपारी एक टेम्पो आणि त्याच्या मागोमाग एक ट्रक येत असताना आकडा आला ब्याऐंशी. मामाने पुढचा, इस्त्रीचे कपडे पोचवणारा टेम्पो बाजूला घेतला. मागचा ट्रक तेवढ्यात धूळ उडवत निघून गेला.

"ब्याऐंशी?" टेम्पोवाला कपाळावर हात मारून म्हणाला. "मामा, उतारावरून ढकललात तरी हा साठ पळायचा नाही! ही तिसरी पावती. लायसन्स गेलं तर घरी बसून लोकांचे शर्ट मोजू काय?"

मामाने टेम्पोकडे पाहिलं, मग धुळीकडे. अर्धी लिहिलेली पावती त्याने तशीच खिशात घातली आणि टेम्पोवाल्याला जायला सांगितलं.

पावती रद्द करायची तर कारण लेखी द्यावं लागे. मामाने लिहिलं: 'दोन गाड्या मागेपुढे असताना यंत्राने कुणाचा वेग दाखवला, हे मला सांगता येत नाही.'

साहेबांनी कागद वाचला. "मामा, हे असं दिलंत तर यंत्र तुमच्याकडून काढून घ्यावं लागेल. मग परत चौक. गुडघे झेपतील?"

"नाही झेपायचे."

"मग? तो टेम्पोवाला सोयरा लागतो का तुमचा?"

"सोयरा असता तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता, साहेब. लायसन्स गेल्यावर हा रोज त्याच रस्त्याने पायी जाईल आणि मी जीपमध्ये बसून बघेन. तेवढी ताकद नाही राहिली आता."

साहेबांनी कागदावर शिक्का मारला. मामा टेबलाला धरून हळूहळू उठला.

"उद्या किती वाजता उभं राहायचं?"

"आठ ते दोन," साहेब म्हणाले. "आणि शिट्टी नवी मागून घ्या. जुनी कुणाकुणाच्या तोंडात गेली असेल, कोण जाणे."