पाचवा प्रश्न

समोरच्या बाकावरच्या मुलीने पुरवणीसाठी हात वर केला, तेव्हा माझा पहिला प्रश्नही संपला नव्हता. एखादं उत्तर अडलं की ती तेवढी जागा मोकळी सोडून पुढे जात होती आणि नंतर परत येत होती. मी मात्र प्रत्येक मथळ्याखाली पट्टीने रेघ मारत होतो. शाळेत गुरुजी नीटनेटकेपणाचे गुण देत, ती सवय अजून हाताला आहे. दुसरं उत्तर आठवेना, तरी ते सोडून पुढे जाववेना. अर्धा तास त्यातच गेला.

हा विषय गेल्या वर्षी राहिला होता. आताही राहिला तर वर्ष वाया जाणार, म्हणून सगळं पाठ केलं होतं. पण अभ्यास करणं वेगळं आणि पेपर सोडवणं वेगळं. घरात आधी कुणी परीक्षेला बसलेलं असलं की हे कळत असावं बहुधा. नक्की कुणावर चिडावं, तेच समजत नाही.

"अरे, आता कसली रेघ मारतोस? वेळ संपला, दे इकडे," म्हणत बाईंनी पेपर ओढून घेतला. पाचवा प्रश्न मला सगळ्यांत चांगला येत होता. त्याचा नुसता आकडा लिहून झाला होता.

बाहेर आल्यावर आईचा फोन आला.

"काय रे, येत होतं ना सगळं?"

"हो, येत होतं."

"मग झालं तर! आता पोटभर जेव."

लिहिलंस का, हे तिने विचारलं नाही. तेही विचारायचं असतं, हे तिला कोण सांगणार?