साहेबाचं अर्धं ताट

उजव्या हाताचं एक बोट वर करायचं, मान जराशी तिरकी करायची आणि म्हणायचं, "एकदाच, गड्या." ही आमच्या राजेसाहेबांची लकब. मी त्यांचा ड्रायव्हर. मोटारीच्या आरशात ते बोट मी इतक्यांदा पाहिलंय की आज सांगलीला विश्रामबागेत माझ्या मुलाच्या घरी कुणी सहज बोट वर केलं तरी मी गप्प होतो.

संस्थान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे हत्ती आणि अंबारी आली असेल, तर ती आधी खाली उतरवा. आमचं संस्थान सातारा आणि सांगलीच्या मधे, कृष्णेच्या काठाला, एवढंसं. मोटार तिसऱ्या गिअरला पडेपर्यंत हद्द संपायची आणि इंग्रजी मुलूख लागायचा. हत्ती नाही, तोफांची सलामी नाही. राजे मात्र होते आणि त्या राजांना एक दोस्त होता.

दोस्त म्हणजे गोरा साहेब. आसपासच्या संस्थानांवर नजर ठेवायला इंग्रजांनी बसवलेला. बाकीचे राजे त्याला मेजवान्या द्यायचे, काटे-चमचे मांडून, बँड लावून. आमचे राजेसाहेब त्याला उसाच्या फडात न्यायचे, गुऱ्हाळाशेजारी तीन दगडांची चूल मांडायचे आणि धोतर खोचून स्वतः मटण शिजवायचे. चटणी कांदा-लसणाची, खुद्द राजांनी उभं राहून कुटून घेतलेली. साहेब पहिल्या घासाला लालबुंद व्हायचा, नाक पुसायचा, डोळे पुसायचा आणि पुन्हा ताट पुढे करायचा. राजेसाहेब मला हळूच म्हणायचे, "बघ रं, साम्राज्य रडतंय." हसू दाबता दाबता माझी पुरेवाट व्हायची.

दिवाणसाहेबांना हे पसंत नव्हतं. "हे राजकारण नव्हे, हा रस्सा आहे," असं ते आठ्या घालून म्हणायचे. पण बेचाळीसच्या धामधुमीत शेजारच्या संस्थानातल्या शाळेवर तिरंगा लागला, तेव्हा त्या राजाला असा खरमरीत खलिता आला की बिचाऱ्याची झोप उडाली. तिरंगा आमच्याही शाळेवर लागला होता. साहेब त्याच रस्त्याने आला, त्याने शाळेकडे नीट पाहिलं आणि राजेसाहेबांना विचारलं, "आज रश्श्यात खोबरं जास्त आहे का?" आता याला तुम्ही काय म्हणाल? मी तर राजकारणच म्हणतो.

मागितलं मात्र राजेसाहेबांनी कधी काही नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. वारलेल्या भावाचा मुलगा राणीसाहेबांनी पोटच्यासारखा वाढवला होता. पण त्याला दत्तक घेऊन गादीचा वारस करायचं तर इंग्रजांची मंजुरी हवी, आणि भाऊबंदांनी तक्रारी करून ते घोडं अडवून ठेवलं होतं.

"साहेबांच्या कानावर एक शब्द घाला की," राणीसाहेब म्हणायच्या.

"घालीन. पण दोस्ताकडं मागायचं एकदाच असतं. मागितलं की दोस्ती सरते, मग उरतो तो व्यवहार." आणि बोट वर.

शेवटी ठरलं. गुऱ्हाळं सुरू झाली की साहेब येणार आणि त्या दिवशी मागायचं. राणीसाहेबांनी देवापुढे नारळ ठेवला.

आता माझ्या घरात काय चाललं होतं ते ऐका. माझा धाकटा भाऊ भूमिगत झाला होता. पोलिसांच्या बंदुका पळवणाऱ्या पोरांत तोही होता. शिराळ्याच्या नागपंचमीच्या गर्दीतून निसटला, रानोमाळ हिंडला आणि अखेर आमच्याच हद्दीत सापडला. संस्थानच्या कोठडीत होता. इंग्रजी पोलीस त्याला मागत होते. साहेबाने होकार दिला की हद्दीपलीकडे नेणार, आणि तिकडे नेलेली पोरं कशी परत येतात ते आमच्या भागाला चांगलं ठाऊक होतं. याने तर बंदुकीला हात घातलेला. फासच! मी राजेसाहेबांपाशी अवाक्षर काढलं नव्हतं. मालकाच्या दोस्तीत नोकराने तोंड घालू नये, एवढी अक्कल मला होती.

त्या सकाळी आम्ही फडाकडे निघालो तर वाटेत आई. हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"थांबीव," राजेसाहेब म्हणाले. "कोण रं ती?"

"आई हाय, सरकार."

आई रस्त्याच्या कडेला सरकली, पदर सारखा केला. "आवं, पोराला भाकरी द्याय चाललेय, सरकार. कोठडीत हाय न्हवं?" रडली नाही, पाया पडली नाही. बस, एवढंच बोलली.

राजेसाहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "बघू." फडकं सोडलं, जोंधळ्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तिथंच बसून खाल्ला. "लय झ्याक," म्हणाले. फडकं पुन्हा बांधून आईच्या हातात दिलं आणि मला गाडी काढायला सांगितलं.

माझा जीव नुसता जळत होता. राजा झाला म्हणून काय कैद्याच्या भाकरीतला घास खायचा? खरं सांगतो, मनातल्या मनात मी त्यांना शिवी हासडली.

साहेब आला. सतरंजीवर मांडी घालून बसला. राजेसाहेबांनी वाढलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभा होतो. फौजेत लॉरी हाकताना शिकलेलं तुटकं इंग्रजी मला कळायचं.

"आज मी तुझ्याकडे काहीतरी मागणार आहे," राजेसाहेब म्हणाले.

साहेब हसला. "अखेर! दत्तक ना? तू कधी मागतोस याची वाट बघत होतो. झालं म्हणून समज."

मला वाटलं, राणीसाहेबांचा नारळ पावला.

"दत्तक नाही. माझ्या कोठडीत एक पोरगा आहे. तो तुझ्या पोलिसांना द्यायचा नाही. त्याचा खटला माझ्या कोर्टात चालेल."

तांब्या माझ्या हातून सुटला. सगळं पाणी सतरंजीवर. कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साहेबाचं हसू गेलं. "हे तू राजा म्हणून मागतोस?"

"राजा म्हणून मागितलं तर तुला नाही म्हणावं लागेल."

"वरती मला उत्तर द्यावं लागतं. हे दिलं तर दत्तकाचं तोंडही मला उघडता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"कोण लागतो तो तुझा?"

"त्याच्या आईची भाकरी खाल्लीय मी," राजेसाहेब म्हणाले.

साहेबाने हातातला घास ताटात परत ठेवला. मग "दिला," म्हणाला. अर्धं ताट तसंच ठेवून उठला, हात धुतले, राजेसाहेबांचा हात हातात घेतला आणि निघून गेला. तो पुन्हा कधी आला नाही.

मी हादरून गेलो होतो. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्यांचं मीठ खाल्लेलं, आणि मिठाला जागले ते! वाटेत मोटार थांबवून मी पायांवर डोकं ठेवायला गेलो, तर खेकसले, "गाडी चालीव. आन भावाला सांगायचं न्हाई. आईलाबी न्हाई. उपकार डोक्यावर बसला की पोरगं वाकतं. त्याला ताठ ऱ्हाऊ दे."

राणीसाहेबांनी ऐकलं आणि देवापुढचा नारळ उचलून अंगणात फेकला. कित्येक दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र एकदा जिन्यात गाठलं. डोळे सुजलेले. "भावाला जप रं तुझ्या," म्हणाल्या. "लय महाग पडलाय."

पुढे साहेबाच्या जागी दुसरा आला. तो रस्सा खात नसे. दत्तक नामंजूर झालं. इतकी वर्षं न आलेले खलिते धडाधड यायला लागले आणि दिवाणसाहेब मान खाली घालून वाचून दाखवू लागले. रश्श्याबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत.

भावाला राजेसाहेबांच्या कोर्टात दोन वर्षांची सजा झाली. सुटून आला आणि सभांतून गर्जायला लागला, "जनतेपुढं राजा वाकला, म्हणून मी वाचलो!" टाळ्या पडायच्या. मी मागे उभा राहून दातओठ खायचो.

स्वराज्य आलं. संस्थानं विलीन करा म्हणून जिकडेतिकडे हाकाटी सुरू झाली, आणि एका दुपारी मोर्चा आमच्या दारात आला. "राजेशाही नको!" सगळ्यांच्या पुढे, झेंडा घेऊन, माझा भाऊ.

आधी माझ्या अंगाचं पाणी झालं, मग आग झाली. अरे मेल्या, कुणाच्या दारात ओरडतोस? त्याची मानगूट धरावी आणि सगळ्यांदेखत सांगून टाकावं म्हणून मी धावलो, तेवढ्यात वरच्या पायरीवर राजेसाहेबांचं बोट उठलं. मी जागच्या जागी थांबलो.

"सही करतो रं पोरांनो," राजेसाहेब म्हणाले. "पर उपाशीपोटी राज्य घ्यायचं नसतं. आदी जेवा."

धोतर खोचून स्वतः चुलीपुढे बसले. भावाला शेजारी बसवलं. पहिल्या घासाला तो लालबुंद झाला, नाक पुसायला लागला. राजेसाहेब त्याच्या ताटाकडेच बघत होते.

"टाकायचं न्हाई. समदं खायाचं."

भावाने बोटाने ताट निपटून घेतलं. राजेसाहेबांनी मोठा श्वास सोडला.

"आई बरी हाय?"

"बरी हाय."

"भाकरी लय झ्याक करती."

भाऊ चमकला. "आमच्या आईची भाकरी? तुमी कवा खाल्ली?"

राजेसाहेबांनी उजव्या हाताचं बोट वर केलं, मान जराशी तिरकी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदाच, गड्या."