हिरव्या पेन्सिलीचा नकाशा

"पयले आपलं घर दाखवा, मंग पाण्याचं पाहू."

कुठल्याही गावात गेलं की भाऊंचं हे ठरलेलं वाक्य. चपला काढून जमिनीवर बसायचे, नकाशा अंथरायचे, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि कागद असा फिरवायचे की खरा नाला ज्या बाजूला, त्याच बाजूला कागदावरचाही. नकाशात उत्तर दिशा वरच हवी, हे मी पुस्तकात शिकून आलो होतो. भाऊंचं उत्तरेवाचून काही अडत नव्हतं.

भाऊ आमच्या वर्ध्याच्या ऑफिसात ट्रेसर होते, म्हणजे नकाशे हाताने उतरवून काढणारे. पिण्याच्या विहिरींच्या जागा ठरवणं हे आमचं काम, आणि मी तिथला नवाकोरा भूवैज्ञानिक. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. उपग्रहाची चित्रं तेव्हा आमच्याकडे नुकती यायला लागली होती. ती गुंडाळी काखेत मारून मी असा चालायचो, की जणू मीच वर जाऊन ती काढून आणली.

सिंदी रेल्वे स्टेशनच्या अलीकडे एक गाव आहे. उन्हाळ्यात तिथल्या बायका रेल्वे फाटकापलीकडून पाणी आणायच्या. गावाला एकच विहीर मंजूर झाली होती. ती कोरडी गेली असती तर दुसरी मिळणार नव्हती. त्यात सरपंच बाई, गावातली पहिलीच. विहीर फसली तर खापर आपल्याच डोक्यावर फुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी ग्रामपंचायतीत चित्र उघडलं. तुम्ही अशी चित्रं पाहिली असतील तर ठाऊक असेल, त्यांत हिरवी झाडी लालभडक दिसते. भर मे महिन्याच्या त्या चित्रात गावाच्या कडेने एक सरळ लाल पट्टा गेला होता. सगळं शिवार वाळलेलं असताना तिथली झाडं तेवढी हिरवी, म्हणजे खाली खडकाला भेग आणि भेगेत पाणी. हे मी अर्धा तास समजावून सांगितलं. गाव शांतपणे ऐकत होतं. मला वाटलं, पटलं.

मग एक म्हातारा चित्रावर वाकला आणि म्हणाला, "हा तं लाल्या हाय."

लाल्या म्हणजे कपाशीची पानं लाल करणारा रोग. ज्यांचं सगळं कपाशीवर, त्यांना मी त्यांचंच शिवार लाल करून दाखवलं होतं. रोगट जागेत विहीर काऊन खंदायची, असं एकाने विचारलं. सिंदीच्या व्यापाऱ्यांनी हे चित्र पाहिलं तर आपला कापूस कोण घेईल, ही दुसऱ्याची काळजी. मी मनातून जाम चिडलो. परतीच्या एसटीत भाऊंना म्हणालो, या लोकांना काही कळत नाही.

भाऊ खिडकीबाहेर बघत होते. "त्यायले बरोबर कळते, साहेब. आपुनच लाल दाखवून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगीत पेन्सिलींचा डबा आणला. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून शेतांच्या, नाल्यांच्या कडा उतरवल्या, त्या जाड कागदावर घेतल्या आणि हिरव्याने भरायला बसले. हिरवी संपली की नवा डबा. उरलेले रंग नालवाडीतल्या त्यांच्या गल्लीतल्या पोरांना. त्या वर्षी नालवाडीच्या पोरांनी काढलेली झाडं जांभळी होती नाहीतर केशरी. निळी पेन्सिल मात्र भाऊंनी स्वतःकडे ठेवली.

आठ दिवसांनी ते पुन्हा त्या गावात निघाले. मीही गेलो, खरं सांगायचं तर फजिती बघायला. भाऊंनी कागद अंथरला, दगड ठेवले, आपलं वाक्य म्हटलं. सरपंचबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी रेल्वेलाईनवर बोट ठेवलं, फाटकाशी वळवलं, नाला ओलांडला आणि एका करड्या डागात थांबवलं. घरं काही दिसत नव्हती, सगळं गाव म्हणजे तेवढा डाग. तरी बाई म्हणाल्या, "हे माहं घर." मग रांगच लागली. तो म्हाताराही आला. त्याने घर दाखवलं आणि बोट आपणहून हिरव्या पट्ट्यावर नेलं. "अन् हे आपलं बाभुळबन. उनायातबी हिरवंच राह्यते थे."

भाऊंनी तिथे निळ्या पेन्सिलीने एक ठिपका दिला. नकाशा गावातच ठेवून आम्ही परतलो.

खोदकाम सुरू झालं. वीस फूट, तीस फूट, आधी मुरूम, मग काळा दगड. भाऊंना जेवण जाईना. दुपारी डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. त्यातच परवानगीशिवाय नकाशा बाहेर दिला म्हणून मोठ्या साहेबांनी मेमो दिला. खुलासा द्यायचा होता त्याच दिवशी सिंदीकडून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने एक बाटली आणून दिली. आत गढूळ पाणी. सरपंचबाईंनी पाठवलं होतं. भाऊंनी बाटली शर्टाच्या टोकाने पुसली आणि खुलाशासोबत साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब गाळ खाली बसेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. मेमोचं पुढे काही झालं नाही.

नंतर ऑफिसात कॉम्प्युटर आले, लालाचं हिरवं करणं बटणावर आलं. भाऊ निवृत्त झाले आणि दोनच हिवाळ्यांनी गेले. माझं काम मला त्यांनी शिकवलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

बातमी सांगायला मी त्या गावात गेलो. सरपंचबाई आता थकल्या होत्या. ऐकून त्या मला ग्रामपंचायतीत घेऊन गेल्या. नकाशा भिंतीवर होता. निळा ठिपका जसाच्या तसा, पण गावाच्या जागी भोक पडलं होतं. इतक्या वर्षांत जो आला त्याने आधी आपलं घर दाखवलं होतं.

"आमचं घर सारखं इचारे भाऊ," बाई म्हणाल्या. "त्यायचं घर कुठं होतं, हे आमी कधी इचारलंच नाई."

भाऊंची नालवाडी त्या कागदात मावत नव्हती. मी रेल्वेलाईनवर बोट ठेवलं, कागद संपला तरी तसंच वर्ध्याच्या दिशेने भिंतीवरून पुढे नेलं आणि चुन्यावर एका जागी टेकवलं.

बाईंनी चप्पल काढली, जवळ आल्या आणि माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं.